आपण निघावं आता

अमेय,

तुझं शेवटचं वाक्य मला कळलेलं नाही. शब्द कळले, तीनच होते. "आपण निघावं आता." इतकी वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाला यात न कळण्यासारखं काही नाही. आपण म्हणजे तुम्ही. बराच वेळ बसलात, आता उठा. मी तसाच अर्थ घेतला आणि उठलो. पण आपण म्हणजे आपण दोघंसुद्धा होतं. तू आणि मी. चल, जाऊ इथून. हे तुझ्यामाझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आपली ओळखच त्या शब्दाच्या घोळातून झालेली.

तू मला जा म्हणालास, की ने म्हणालास?

एवढंच विचारायचं आहे. दुकानात मशीनवर बसतो, पायडल मारतो, आणि टाक्याटाक्याला तेच वाक्य येतं. एकदा त्यात 'जा' ऐकू येतं आणि थोडं बरं वाटतं. लगेच पुढच्या टाक्याला 'ने' ऐकू येतं आणि पाय थांबतो. परवा एका मुलीच्या लॅपटॉपच्या बॅगेला चेन उलटी बसवून दिली. ती म्हणाली, "काका, ही आतून उघडते." मी म्हटलं, "हो का?" आणि परत उसवत बसलो.

पेपरात तुझा फोटो आला होता. टाय घातलेला. खाली डिग्री, कंपनी, हुद्दा. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला, पण मी ओळखतो तो माणूस त्यात सापडला नाही. मी ओळखतो त्याच्या नाकाची सालं निघालेली होती आणि त्याने डोक्याला माझा पंचा बांधला होता.

मी तेव्हा शनिवार पेठेतल्या एका बॅगांच्या दुकानात कामाला होतो. भंडाऱ्याकडचा, साकोलीजवळच्या खेड्यातला. बाप मोहाच्या झाडावरून पडला, घरात उभा राहू शकणारा पुरुष मीच उरलो, आणि नववीनंतर शाळा सुटली. गावचा एक जण इकडे कंपनीत हेल्पर होता, त्याच्यामागे आलो. कंपनीत लागलो नाही, दुकानात लागलो. तोंड उघडलं की गिऱ्हाईक हसायचं. 'हाव जी' म्हटलं की हसायचं, 'काहून' म्हटलं की हसायचं. म्हणून मी गप्प बसून शिवायला शिकलो.

तू तुझी निळी सॅक दुरुस्तीला टाकली होतीस, खांद्याचा पट्टा मुळापासून उसवलेली. न्यायला आला नाहीस म्हणून मालकाने मला घरी पाठवलं. काकूंनी दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "अमेय, तुझी पिशवी आली आहे." मी आलो आहे असं तुझी आई म्हणाली नाही. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पिशवीच यायची होती.

तुझ्या खोलीत जमिनीवर नकाशा पसरलेला होता. तू पट्टा ओढून पाहिलास आणि "ठीक आहे" म्हणालास. पुण्यात ठीक आहे म्हणजे उत्तम आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. माझा चेहरा पडला असणार. मी मग तिथेच नकाशाजवळ बसलो. आमच्याकडे कोणाच्या घरी गेलं की लगेच उठत नाहीत, घरच्याला वाईट वाटतं.

"हा समुद्र का जी?"

"हो."

"अन् हे पिवळं?"

"वाळवंट."

"तुमी जाऊन राहिले का जी तिकडं?"

जायचं होतं, म्हणालास. ऑफिसातला मित्र येणार होता, पण त्याला प्रोजेक्ट मिळालं, तो गळला. तू मात्र अजून बेंचवर होतास. बेंचवर म्हणजे काय, ते मी विचारलं. कंपनी आहे, पगार आहे, काम नाही, मंदी आहे. मी म्हटलं, "मी नववीनंतर बाक सोडला, अन् तुमी इंजिनेर होऊन बाकावरच जी?"

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलंस. मी तिथेच बसून राहिलो. तू एकदा दाराकडे पाहिलंस. एकदा घड्याळाकडे. मला वाटलं, घड्याळ छान आहे म्हणून पाहतोय.

"बरं," तू म्हणालास. "मग आपण निघणार कधी?"

माझ्या कानात एकदम गरम झालं. आमच्या बोलीत 'आपन' म्हणजे एकच, तू आणि मी मिळून. तिथे कोणी कोणाला मान द्यायला आपन म्हणत नाही, त्यासाठी 'जी' असतो. या शहरात आल्यापासून कोणी मला आपल्यात धरून बोललं नव्हतं. आणि हा इंजिनियर, नकाशा समोर ठेवून, मला विचारतो आहे की आपण निघणार कधी.

"तुमी म्हनाल तेवा जी," मी म्हटलं. "मालकाले सुटी मांगतो."

तू तोंड उघडलंस. मिटलंस. परत उघडलंस.

"शुक्रवारी," म्हणालास.

माझं पुढचं सगळं आयुष्य त्या शुक्रवारीवर उभं आहे. तो शब्द तू भिडेपोटी म्हणालास, की गंमत म्हणून, की सोबत हवी होती म्हणून, हे मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

मला घोळ कळला तो गाडीत. समोरचे एक गृहस्थ म्हणाले, "आपण जरा सरकाल का?" आणि मी बसल्या जागी वाट पाहायला लागलो की ते सरकतील तेव्हा मीही सरकेन. तू हसून सांगितलंस, ते तुलाच म्हणतायत, आपण म्हणजे तुम्ही. मी सरकलो. सरकता सरकता डोक्यात उजेड पडला.

"मंग त्या दिवशी तुमी मले..."

तू खिडकीबाहेर बघायला लागलास. "चहा घेणार?"

मी उतरून परत जायला निघालो होतो, आठवतं का? सॅक खांद्यावर घेतली होती. स्टेशन कुठलं होतं तेही मला माहीत नव्हतं. तू माझ्या सॅकचा बंद धरून मला खाली बसवलंस. "राजे," म्हणालास, माझ्या हिवराज नावाचं ते तुझ्या तोंडून पहिल्यांदाच झालं, "तिकिटं काढलेली आहेत. मानापमान परत आल्यावर."

परत आल्यावरही तो झाला नाही. गावोगाव विचारत राहिलो मी. दीवला विचारलं, वेरावळला विचारलं. "खरं सांगा, मले जा म्हनत होते ना?" तू कधी म्हणायचास, "ज्याला बोलावलं नाही तो माणूस एवढं खातो का?" कधी म्हणायचास, "व्याकरण शाळेत विचारायचं असतं, बसस्टँडवर नाही." पोरबंदरला मी फारच मागे लागलो तेव्हा चिडून म्हणालास, "ज्याने ऐकलं त्याने ठरवायचं. मी बोलून मोकळा झालो."

ज्याने ऐकलं त्याने ठरवायचं. हे वाक्य आज माझ्या छातीवर दगडासारखं आहे.

समुद्र मी दीवला पाहिला. आमचा मुलूख तळ्यांचा. गावागावात तलाव, प्रत्येक तलावाला मातीचा बांध. त्या बांधाला आम्ही पार म्हणतो. मी किनाऱ्यावर उभा राहिलो आणि भीतीने मला घाम फुटला. एवढं पाणी आणि अडवायला काहीच नाही.

"याले पार नाही का जी?"

"वा!" तू म्हणालास. "समुद्राला पार नाही! राजे, तुम्ही कवी निघालात."

"तसं नाही जी. पार. मातीचा. फुटला तर गाव बुडते ना?"

तुला कळायला वेळ लागला. मग तू वाळूत बसून हसलास, आणि हसून झाल्यावर गंभीरपणे म्हणालास, "नाही, खरंच नाही बांधलेला. आपण मागे बसू." आणि आपण मागे बसलो. सगळे लोक पाण्यात खेळत होते आणि तू माझ्यासाठी सुरूच्या झाडाखाली, कोरड्या कपड्यांत, समुद्राकडे पाहत बसलास. तुला पोहायला यायचं. हे मला कितीतरी वर्षांनी काकूंकडून कळलं.

तू मला बोलायला शिकवलंस. एसटीसारख्या त्या गुजरातच्या खडखड्या बसमध्ये तू सोबत आणलेली मराठी मासिकं माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचास. पानी नाही, पाणी. आपन नाही, आपण. जीभ मागे ने. अजून मागे. लोक वळून बघायचे. मी लाजून आवाज बारीक केला की तू त्याहून मोठ्याने म्हणायचास, "बाण, दाणा, आपण!" आज मी हे लिहितोय त्यातला प्रत्येक ण तुझा आहे.

मांडवीला नदीकाठी लाकडाची मोठाली जहाजं बांधत होते. अर्धवट जहाजाच्या सावलीत उभं राहून आपण दाबेली खाल्ली. पेठेतल्या गाडीवर याहून बरी मिळते, असं म्हणत तू आणखी एक मागवलीस. तिथे तो विषय काढलास.

"सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावीला बस."

"अन् नापास झालो तर?"

"तर नापास. आत्ता कोण आहेस?"

"नववी पास."

"मग? दहावी नापास म्हणजे एक इयत्ता वरच गेलास की."

मी हसलो, पण फॉर्म भरला नाही. हॉलमध्ये शिरायचं, नंबर शोधायचा, आजूबाजूला माझ्या निम्म्या वयाची पोरं, या विचारानेच माझे हात गार पडायचे. दर वर्षी निकालाच्या दिवसांत तुझा फोन यायचा. "राजे, नापास झालात का?" नाही अजून, असं मी सांगायचो. "लाज आहे का?" म्हणायचास. या वादात तू बरोबर होतास. पण कबूल करायला मला वाटलं, अजून वेळ आहे.

मग भूज, आणि तिथून दिवसभराची बस, बाडमेर. उन्हाने रस्ता पांढरा झालेला. तू सायबर कॅफेत मेल बघायला गेलास आणि मी दोन्ही सॅक पायांत धरून बाहेर बसलो. तू आलास तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. 

"आम्ही मोकळे," म्हणालास.

"म्हंजे?"

"बाक काढून घेतला."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याकडे बोलायला भाषा नव्हती. मी उसाचा रस आणला, तो तू हातात धरून ठेवलास आणि त्यावर माशा बसल्या.

जैसलमेरला पोचेपर्यंत तू बोलला नाहीस. टोमणा नाही, राजे नाही. मी उगाचच 'बाण, दाणा' म्हणून पाहिलं, तू ऐकलं नाहीस. वाळूच्या टेकड्यांवर गेलो तेव्हा दुपार कलत होती. तू सॅक टाकलीस, चपला काढल्यास आणि चालायला लागलास. पाण्याची बाटली सॅकमध्येच. एक टेकडी उतरलास, पुढच्या टेकडीवर दिसलास. मग तीही उतरलास आणि दिसला नाहीस. मग फार लांब, बोटाएवढा दिसलास, आणि मागे वळायचं काही लक्षण नाही.

मी आधी "अमेयजी" अशी हाक मारली. मग "ओ साहेब". वारा सगळं उलटं माझ्याच तोंडात आणून टाकत होता. मी सॅक तशाच टाकल्या आणि धावत सुटलो. आणि जे तोंडात आलं ते ओरडलो.

"ऐ अमेय! कोठं चालला बे तू?"

तू थांबलास. कितीतरी वेळ पाठमोरा उभा होतास. मग वळून हळूहळू परत आलास.

"काय म्हणालास?"

"चुकलं जी."

"'तू' म्हणालास. आणि वर 'बे'." तू हसायला लागलास, हसता हसता बसलास, बसल्यावर ते हसणं राहिलं नाही. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. घामाने शर्ट भिजला होता आणि आत तू थरथरत होतास. उंटवाला लांबून पाहत होता, त्याला मी हातानेच जा म्हटलं.

तिथून मी तुला तू म्हणायला लागलो. नंतर कधीही विचारलं, त्या दिवशी कुठे चालला होतास, तर तुझं उत्तर एकच, "लघवीला. आणि तू ओरडल्यामुळे ती राहिलीच." मी हसायचो. पण अमेय, लघवीला कोणी तेवढं लांब जात नाही.

वाळवंटात मी तुला एकट्याला जाऊ दिलं नाही. वॉर्डात दिलं.

पुढचं सगळं कसं भराभर झालं. मंदी सरली, तुला दुसरी नोकरी मिळाली, हिंजवडीचा पट्टा वाढत गेला आणि शहरातल्या प्रत्येक पाठीवर लॅपटॉपची बॅग आली. तू म्हणालास, स्वतःचं दुकान टाक. मी घाबरलो. तू बिबवेवाडीत गाळा शोधलास, मालकाशी तूच बोललास, आणि उद्घाटनाला काकूंना घेऊन आलास. काकूंनी आत सगळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे." तोवर मला ठीक आहेचा अर्थ कळायला लागला होता. मी त्यांच्या पाया पडलो.

माझं लग्न, मुलगी, धायरीत वन बीएचके. तुझं लग्न नाही झालं, का ते मी विचारलं नाही, तूही बोलला नाहीस. दर दिवाळीला ठरायचं, पुन्हा निघायचं. या वेळी खालून, कारवारपासून. आधी समुद्र, मग वाळू. कधी तुझं प्रोजेक्ट लाइव्ह जायचं, कधी माझ्या मुलीची परीक्षा. तू दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत म्हणायचास, "बरं, मग आपण निघणार कधी?" आणि माझ्याकडे तिरकं पाहायचास, की बघू हा आज काय ऐकतो. मी मुद्दाम म्हणायचो, "निघा की, कोणी धरलंय?" तू खूश व्हायचास. "झालास! पक्का पुणेकर झालास!"

झालो रे. तिथेच घात झाला.

आजार कळला तेव्हा तू ती निळी सॅक माझ्याकडे पाठवलीस. "चेनचा रनर गेलाय. बदलून ठेव. लागेल." मी त्याच दिवशी बदलला आणि सगळे टाके पुन्हा मारले, दुहेरी. लागेल म्हणालास म्हणजे लागेल. डॉक्टरांपेक्षा मी त्या शब्दावर विश्वास ठेवला.

ती दुपार. काकू खाली जेवायला गेल्या होत्या. तोंडावर मास्क, डोळे मिटलेले, हात इतके बारीक झालेले की सुईची पट्टीच जाड दिसत होती. मी स्टुलावर बसलो होतो. मी बसायचोच, तुला माहीत आहे, उठायचं मला अजून कळत नाही. माझी सॅक पलंगाला टेकवली होती.

तू डोळे उघडलेस.

"राजे. नापास झालात का?"

"नाही अजून."

मास्कच्या आत काहीतरी हललं. हसू असेल. मग बराच वेळ तू खिडकीकडे पाहत राहिलास. तिथून काही दिसत नव्हतं, समोरच्या इमारतीच्या टाक्या फक्त. आणि मग तू ते म्हणालास.

"आपण निघावं आता."

निघावं म्हणालास की निघू या? मास्क होता, मशीनचा आवाज होता. निघू या म्हणाला असतास तर त्यात दोघं असतात, तिथे घोळच नाही. मी निघावं ऐकलं. निघावंमध्येही आपण दोघं बसू शकतो, पण मी आता शहाणा होतो. दमलेला माणूस आहे, सभ्य आहे, मला ऊठ म्हणतोय. इतक्या वर्षांत शिकलो ते सगळं एका क्षणात कामाला आलं. मी म्हटलं, "हो, पड तू. उद्या येतो."

सॅक उचलली तर तिचा बंद तुझ्या मुठीत होता.

कधी धरलास, मला कळलं नव्हतं. हाताखाली आला म्हणून धरला असेल. पेशंट धरतात काहीतरी, चादर, पलंगाची कड. मी तो बंद सोडवून घेतला. एक एक बोट उचलून, हळूच, तुला त्रास होऊ नये म्हणून. तू काही बोलला नाहीस. माझ्याकडे पाहत होतास.

सिंहगड रोडच्या सिग्नलला फोन आला.

साकोलीहून आलेला तो अडाणी पोरगा तिथे बसला असता ना अमेय, तर त्याने एकच अर्थ ऐकला असता. तो म्हणाला असता, "तुमी म्हनाल तेवा जी," आणि तिथून हलला नसता. नर्सने हाकललं असतं तरी हलला नसता. तू त्याला ण शिकवलास, मान शिकवलास, कधी उठायचं ते शिकवलंस, आणि तो उठून गेला. मराठी येत नव्हती तेव्हा तू मिळालास. आता चांगली येते.

तेराव्याला तुमच्या घरी आलो होतो. गर्दी ओसरल्यावर काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. मी विचारणार नव्हतो, पण विचारलं. मी गेल्यावर तो काही म्हणाला का?

"मी वर आले तर जागा होता," काकू म्हणाल्या. "गेला का तो, म्हणाला. मी म्हटलं, हो, जिन्यात भेटला. तर 'बरं' म्हणाला."

"बरं म्हणजे कसं, काकू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्यात बरं किती तऱ्हांनी म्हणतात हे त्यांना मी काय सांगणार. बरं झालं गेला. बरं, ठीक आहे. बरं, असो. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे कळलं रे." आणि मग आम्ही दोघं तुझ्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत बसलो. त्यांनी मला ऊठ म्हटलं नाही. मी उठलो नाही. पाणी प्यायलेलं भांडं हातातच होतं माझ्या.

निळी सॅक दुकानात खिळ्याला लावली आहे, माझ्या सॅकच्या शेजारी. आत तोच नकाशा आहे, घड्यांवर फाटलेला. मी रनर ओढून पाहतो, मऊ चालतो. काम चांगलं झालंय. तू 'ठीक आहे' म्हणाला असतास.

हे मी दुकानातच लिहितोय, बिलाच्या कागदांच्या पाठीवर, आणि थांबवत नाहीये, कारण मला एक गोष्ट कळून चुकली आहे. काल एक गिऱ्हाईक त्या दोन सॅककडे पाहून म्हणालं, "कुठे ट्रिपला निघालात वाटतं?" मी म्हटलं, "नाही, आम्ही गेलो होतो. फार पूर्वी." आणि म्हणता म्हणता जीभ अडकली. आम्ही. तुझ्याबद्दल कोणालाही सांगायचं तर आता आम्हीच म्हणावं लागणार. आम्ही समुद्र पाहिला, आम्ही मागे बसलो. 'आपण' म्हणायला समोर तू लागतोस. तू ऐकत असशील तरच तो शब्द होतो.

इथे, या कागदावर, अजून होतोय. आपण दीवला होतो. आपण वाळूत बसलो. आपण कारवारपासून निघणार होतो.

काउंटरवर कोणीतरी उभं आहे. दोनदा हाक मारून झाली त्यांची.

"अहो, आपण आहात ना आत?"